पहारीची नाडी

पहार मोडली सोमवारी सकाळी, आणि दुपारच्या आत तिचे दोन तुकडे लोहाराच्या ऐरणीपुढं येऊन पडले.

मुकादमानं ते हातानं ठेवले नाहीत. मोटारसायकलवरून उतरला, पोतं उलटं केलं आणि तुकडे मातीत पाडले. तो थेट दगडाच्या खाणीतून आला होता. नाकापासून हनुवटीपर्यंत फडका बांधलेला. हा फडका तो सावलीतही सोडत नसे. चहा पितानासुद्धा कप फडक्याच्या खालून आत घालायचा. लोक म्हणत, धुळीची धास्ती घेतलीय त्यानं.

"डाव्याला लागली," तो फडक्याआडून म्हणाला. डाव्या म्हणजे डाव्या हातानं घण मारणारा खाणीतला जुना गडी. "कोपरापासून खाली हात उघडा पडलाय. आठ टाके."

म्हातारा लोहार तुकड्यांकडं बघत होता. सगळं गाव त्याला मिस्त्री म्हणायचं. साठी उलटलेली, खांदे अजून दाराएवढे, आणि वरचा ओठ पुरता झाकून खालच्यावर उतरलेली पांढरी मिशी.

"हो, हो," तो म्हणाला.

"हो काय? आठ टाके पडलेत, मिस्त्री."

"बरोबर आहे. होतं असं कधीकधी."

मुकादम त्याच्याकडं बघतच राहिला. भट्टीचा पंखा फिरवणारा मुलगा हात थांबवून पुढं आला. "अहो, बाबांचं लक्ष नव्हतं. तुम्ही मला सांगा."

मग मुकादमानं मुलाला सांगितलं. म्हातारा दोघांच्या मधे उभा होता, आणि त्याच्याविषयीचं बोलणं त्याच्या छातीसमोरून आरपार जात होतं, उघड्या खिडकीतून जावं तसं. खाणीत पाणी भरायच्या आत खालचा थर काढायचा आहे. गडी आता पहारींना हात लावायला तयार नाहीत. एकोणीस पहारी आहेत, सगळ्या मिस्त्रीच्या भट्टीतल्या. शनिवारी या आणि माझ्यासमोर एकेक तपासून द्या. "त्यात एक खराब आहे. मला ठाऊक आहे कुठली, पण सांगणार नाही. ती सापडली नाही तर काम शहरातल्या कारखान्याला. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेलाय, ती पहारही त्यानंच दाखवली."

"सापडेल," मुलगा म्हणाला.

"तुझ्या बापाला कळलं का मी काय म्हणालो ते?"

म्हाताऱ्यानं जोरात मान हलवली.

ती मान हलली, आणि ऐरणीच्या पलीकडं घणावर टेकून उभ्या असलेल्या सुनेनं ती पाहिली. सून जन्मापासून बहिरी. गावात तिला मुकी म्हणत, तिच्या तोंडावर म्हणत. तिला कुठं ऐकू येतंय, असा साळसूद विचार त्यामागं असायचा. मुकी ती नव्हती. जाडसर, थोडा घोगरा आवाज होता तिला. बहिऱ्यांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली होती, सुरेख अक्षर होतं, खुणांनी बोलू लागली की हात मोजता येत नसत. पण बोलायला समोर बघणारं माणूस लागतं. आठ वर्षं या घरात ती बोलली ती मुख्यतः नवऱ्याशी. त्याच्या खुणा चालण्यापुरत्या होत्या.

ती मान तिच्या ओळखीची होती. कळलेलं नसतं तेव्हा हलवतात ती मान. समोरचं तोंड चालायचं थांबलं की ही मान हलते, आणि हलताना डोळे समोरच्याच्या कपाळावर असतात, पुढं काही विचारू नकोस म्हणत. ती स्वतः ही मान लहानपणापासून हलवत आली होती. सासऱ्याच्या धडावर ती आज पहिल्यांदा दिसली, आणि दिसल्यावर कळलं की गेली दोन वर्षं ती तिथंच होती.

मुकादम गेल्यावर म्हाताऱ्यानं तुकडा उचलला. मोडलेलं तोंड उजेडाकडं धरलं. अर्धं तोंड पांढरं, दाणेदार, आज फुटलेलं. अर्धं काळं. काळा भाग म्हणजे भेग जुनी. तापलेली पहार पाण्यात बुडवून पाणी पाजलं तेव्हाचीच असणार. ही पहार त्यानं स्वतः दोरीला टांगली होती, हातोडी मारली होती, कान लावला होता आणि मान हलवली होती. चांगली पहार खणखणते आणि नाद लांबत जातो. भेगेची पहार बद्द वाजते. चाळीस वर्षं गाव, खाण, रेल्वेचे लोक या कानावर विसंबले होते.

त्यानं तुकडा भंगारात टाकला नाही. भट्टीमागच्या कोनाड्यात ठेवला आणि दिवसभर तिकडं पाठ करून काम केलं.

*

जेवायला सगळे पडवीत बसायचे. म्हातारा भिंतीला टेकून, समोर मुलगा, बाजूला सासू, आणि सून टोकाला. तिथून तिला तिघांचेही कान दिसत, तोंड एकाचंही नाही. बसायची ही रीत कोणी ठरवली नव्हती. पडत गेली होती.

मुलगा आईला काहीतरी सांगत होता. खाणीतल्या कुणाची तरी गंमत. सासूला ठसका लागेपर्यंत हसू आलं. हनुवटीवरचा तिचा मोठा तीळ हलायला लागला.

"काय झालं?" म्हातारा म्हणाला.

"काही नाही हो. जेवा."

"सांग की."

"अहो, काही नाही. तसंच आपलं." आणि ती पुन्हा हसली.

म्हाताऱ्यानं घास खाली ठेवला. टोकाला बसलेल्या सुनेकडं त्याची नजर गेली. ती त्याच्याकडंच बघत होती. तिनं उजवा पंजा उचलला आणि हवेतली माशी हाकलावी तसा झटकला. काही नाही. ही खूण घरात सगळ्यांना येत होती, म्हाताऱ्याला सुद्धा, कारण आठ वर्षं घरातल्या प्रत्येकानं ती तिलाच केली होती. काय म्हणाले? काही नाही. कोण आलं होतं? काही नाही. का रडतेय आई? काही नाही. बहिऱ्या माणसाशी लोक एकतर ओरडतात, नाहीतर हा पंजा झटकतात. ओरडणं परवडलं. पंजा झटकला की माणूस ताटावरून उठतो, बसल्या जागी.

पंजा झटकून सून हसली नाही. तिनं बोट आधी स्वतःच्या छातीवर ठेवलं, मग त्याच्याकडं केलं. तुम्हीपण.

म्हातारा ताटावरून उठला.

"आता याला काय झालं?" सासू म्हणाली. ती हे भिंतीकडं तोंड करून म्हणाली, म्हणून दोघांनाही कळलं नाही.

*

मंगळवारी ऐरणीवर काम व्यवस्थित चाललं. ऐरणीवर सासरा-सुनेचं कधीच अडलं नव्हतं. म्हातारा सांडशीत तापलेलं लोखंड धरून हातोडीनं टिचकी मारी. ती जिथं पडेल तिथं सुनेचा घण पडे. हातोडी तिरकी लागली की घण तिरका. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांब. गावातल्या कुणाही पुरुषाच्या घणापेक्षा तिचा घण बरोबर पडायचा, कारण ती बघायची. बाकीचे बोलत घण मारायचे. दिवसाला हजार वेळा ही दोघं एकमेकांना नेमकं समजत होती, आणि हात धुतले की अनोळखी होत होती. म्हाताऱ्याला हे कधी विचित्र वाटलं नव्हतं.

उन्हं चढल्यावर सुनेनं दुरुस्तीला आलेल्या दोन पहारी दोरीला टांगल्या. एक तिनं आधी हातानं चाचपून ठेवली होती. तिनं हातोडी म्हाताऱ्याच्या हातात दिली.

त्यानं पहिली वाजवली. कान जवळ नेला. चांगली, अशी मान हलवली. दुसरी वाजवली. चांगली.

सुनेनं खडू घेतला. भट्टीचं दार लोखंडी पत्र्याचं होतं, मापं लिहून लिहून पांढरं झालेलं. तिनं त्यावर लिहिलं: दोन्ही सारख्या?

म्हाताऱ्यानं सावकाश वाचलं. मग पुढं येऊन तळव्यानं पुसून टाकलं. "कोण शिकवतंय मला? बापजन्मात लोखंडाला हात लावला होतास का इथं यायच्या आधी?" तो आणखी बरंच काही बोलला. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, मिशी वरखाली झाली. सून त्याच्या मिशीकडं बघत राहिली.

त्याचं बोलून झाल्यावर तिनं त्याचं मनगट धरलं. सासऱ्याला सुनेनं असं धरायचं नसतं वगैरे तिच्या डोक्यातच आलं नाही; ऐरणीवर त्याला बाजूला ओढून तिनं दोनदा भाजण्यापासून वाचवलं होतं. तिनं त्याची बाही वर केली, मनगटाची आतली, मऊ बाजू पहिल्या पहारीला हलकेच टेकवली आणि दुसऱ्या हातानं हातोडी मारली. मग दुसरीला टेकवली, मारली.

मुलगा पंखा सोडून बघत होता. "काय करतेय ती, बाबा?"

म्हातारा मनगटाकडं बघत होता. त्याच्या मनगटावर जुन्या भाजल्याचे डाग होते, कातडी चामड्यासारखी. पण डागांच्या मधे एक बोटभर जागा शाबूत होती. पहिली पहार तिथं बराच वेळ थरथरत राहिली होती, मुंग्या लांबच लांब चालत जाव्यात तशी. दुसरी थरथरली आणि मेली.

"पुन्हा," तो म्हणाला.

तिनं पुन्हा मारली. त्याला आता नीट कळेना. पहिली की दुसरी, लांबली की नाही. भाजल्या कातडीत तेवढा जीव नव्हता. तिनं स्वतःचं मनगट लावून दाखवलं, डोळे मिटले, आणि नाद संपेपर्यंत हवेत बोट पुढं पुढं नेत राहिली. पहिलीला बोट दारापर्यंत गेलं. दुसरीला वितीवर थांबलं.

म्हाताऱ्यानं दुसरी पहार ऐरणीच्या कडेला धरली आणि घण घातला. दोन घावांत मानेशी तुटली. आत काळी.

तो पाण्याच्या पिंपाच्या काठावर बसला. बराच वेळ हातावरची काजळी पुसत होता. मुलगा जवळ आला आणि त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, "बाबा, किती दिवसांपासून येत नाही ऐकू?"

"ओरडू नकोस. ओरडलास की नुसता गोंगाट होतो. शब्द फाटतात."

"मग कसं बोलू?"

"मला काय माहीत," म्हातारा म्हणाला. "तिला विचार. ती आहे त्यातली जुनी."

*

तिनं पत्र्यावर एकच गोष्ट लिहिली. तिचं अक्षर त्या दारावर फार चांगलं दिसायचं.

आठ वर्षं मला तुमचं तोंड दिसलं नाही. मिशी.

म्हाताऱ्यानं वाचलं आणि तो घरी निघून गेला. मुलगा घाबरला. "हे काय लिहिलंस?" त्यानं खुणेनं विचारलं. बापाची मिशी म्हणजे बापाची मिशी. घरात सासऱ्याची खूणच ती होती: ओठावरून दोन बोटं बाजूला ओढायची. म्हातारा विसाव्या वर्षापासून ती राखून होता. लग्नात ती होती. त्याच्या बापाच्या मरणातही त्यानं ती ठेवली होती.

बुधवारी सकाळी सासू पडवीत आली आणि तिच्या हातातली बादली पडली.

"अगं आई गं," ती म्हणाली. "हा कोण बाप्या आलाय घरात?"

म्हाताऱ्याचा वरचा ओठ चाळीस वर्षांनी उघड्यावर आला होता. बाकीचा चेहरा भट्टीनं रापून तांबडा-काळा, आणि ओठावरची पट्टी लहान मुलासारखी गोरी. कात्रीनं घाईत कापताना एका ठिकाणी रक्त आलं होतं. ओठ पातळ होता. जरा घाबरटही दिसत होता. सासूनं पदार्थ चाखावा तसं त्याच्याकडं मान वाकडी करून पाहिलं. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, मला कळलंच नाही तुमचा ओठ वाकडा आहे ते."

"काय म्हणालीस?"

तिच्या तोंडावर 'काही नाही' आलंच होतं. पंजाही उचलला गेला होता. सून दारात उभी होती. सासूनं हात खाली घेतला, वळली, नवऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "ओठ वाकडा आहे तुमचा. डावीकडं."

"असू दे," म्हातारा म्हणाला. "तुला आता कुठं बदलून मिळणार आहे."

सून ते वाचू शकली. त्याच्या ओठांवरून, आठ वर्षांत पहिल्यांदा, अख्खं वाक्य. ती एवढी जोरात हसली की शेजारची बाई कुंपणापाशी आली.

त्या दिवशी जेवताना सुनेनं ताटं उचलून नेली आणि अंगणाच्या उजेडात गोल मांडली. म्हाताऱ्याची भिंत गेली, सासूचीही. सासू कुरकुरली, कमरेला टेकू लागतो म्हणाली. मग तिच्यासाठी पोतं गुंडाळून दिलं. मुलगा घास तोंडात ठेवून बोलायला लागला की सून ताटावर बोट वाजवायची. आधी गिळ. दोघं एकदम बोलले की म्हातारा हात वर करायचा. पहिल्या दिवशी जेवण लांबलं, आणि बोलून झालं काय तर शेजारणीच्या शेळीनं कापडं खाल्ली एवढंच. पण ते पाचवेळा सांगून का होईना, सगळ्यांना कळलं. मुलगा वैतागला होता. "शेळीला एवढा वेळ? एकदा सांगितलं की झालं की."

"तुला एकदाच सांगावं लागतं," म्हातारा म्हणाला. "म्हणून तुला वाटतं सगळ्या जगाला एकदाच पुरतं."

मुलानं बायकोकडं पाहिलं. त्याला बायकोशी केलेलं स्वतःचं बोलणं आठवत असणार. चालण्यापुरतं.

*

गुरुवारी म्हातारा डाव्याच्या घरी गेला. सुनेला बरोबर नेलं. डाव्या खाटेवर पडून होता, हात पांढऱ्या पट्टीत, छतापासून दोरीनं वर टांगलेला. खोलीत अंधार होता. म्हाताऱ्यानं विचारलं नाही, जाऊन खिडकी उघडली.

"उजेड कशाला?" डाव्या म्हणाला.

"तुझं तोंड दिसायला. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. ती पहार मी वाजवली, चांगली म्हणालो, आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. लाज वाटत होती म्हणून बोललो नाही. ते तुझ्या हातावर आलं."

डाव्यानं त्याच्या ओठाकडं पाहिलं. "मिशी कुठं गेली?"

"काढली."

"त्याची शिक्षा म्हणून?"

"नाही रे. हिला माझं तोंड दिसेना." त्यानं सुनेकडं हात केला. "शनिवारी पहारी ही तपासणार आहे. मी नाही. तुला सांगायला आलो, कारण पुढं त्या तुझ्याच हातात येणार."

डाव्यानं तिच्याकडं पाहिलं. आजवर त्यानं तिला खाणीच्या रस्त्यानं जाताना फक्त पाठमोरी पाहिली होती. "तिला कसं कळणार?"

"तिला विचार ना. समोर आहे."

डाव्यानं तोंड उघडलं आणि ओरडला. "तुला कसं कळणार?" खिडकीबाहेरचा कुत्रा उठून गेला. सुनेनं कानावर हात ठेवले, चेहरा वाकडा केला, आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नीट बोल. तोंड फाटतं."

डाव्या दुखऱ्या हातानिशी हसला आणि मग कळवळला. दुसऱ्यांदा त्यानं माणसाशी बोलावं तसं विचारलं. तिनं त्याच्या चांगल्या हाताचं मनगट उताणं करून त्यावर दोन बोटं ठेवली. इथं.

*

शनिवारी खाणीत क्रशर चालू होता. दगड चिरडणारं ते यंत्र सकाळी सुरू झालं की संध्याकाळपर्यंत माणसाला स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. मुलगा मुकादमाला हातवारे करून म्हणाला, अर्धा तास बंद करा.

मुकादमानं त्याच्या कानाशी फडका नेला. "बंद नाही होणार. आवाजात ऐकता येत नसेल तर घरी जा."

मुलाला ऐकू येत होतं, पण भेगेच्या नादात काय ऐकायचं असतं ते त्याला कधीच येत नव्हतं. म्हाताऱ्यानं शिकवलं नव्हतं. कान आपलेच शेवटपर्यंत पुरतील असं त्याला वाटलं होतं. आता ते दोघंही बाजूला झाले. सुनेनं तीन वाशांच्या एका तिकाटण्याला दोरी बांधली, बाही वर केली आणि पहिल्या पहारीकडं हात केला.

गडी जमले. पंधरा-वीस जण, सगळे पिठात लोळल्यासारखे पांढरे. डाव्या गळ्यात हात अडकवून दगडावर बसला होता. मुलगा पहार टांगायचा, सून मनगट टेकवून हातोडी मारायची, डोळे मिटायची, हवेत बोट पुढं न्यायची. चांगली उजवीकडं. पुढची.

"हे काय," मुकादम स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून जवळच्या गड्यांच्या कानाशी ओरडला. "पहारीची नाडी बघतेय का? ताप आहे म्हणावं का?"

गडी हसले. म्हाताऱ्याला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. तो जागचा हलला नाही. सुनेनं तर पाहिलंच नाही. डोळे मिटलेले होते. जगातला एवढा मोठा गोंगाट तिच्या कामात कुठंच नव्हता. तिथं जमलेल्यांत त्या वेळी नीट ऐकणारी ती एकटी होती.

अकरावी पहार डावीकडं गेली. मुकादमाचे डोळे बारीक झाले. त्याला ठाऊक असलेली तीच होती.

सतराव्या पहारीला गडी 'म्हातारी' म्हणत. वीस वर्षांपूर्वीची, मिस्त्रीनं स्वतः घडवलेली, टोक पाचदा नवं केलेलं. हाताच्या जागी घासून घासून गुळगुळीत झालेली. मोठा दगड हलत नसला की म्हातारीला आणा, असं म्हणायचे. मिस्त्री तिच्याविषयी गावात सांगायचा. कान चांगले होते तेव्हाची होती ती.

सुनेनं हातोडी मारली. बोट वितीवर थांबलं. तिनं पुन्हा मारली. मग मनगट बदलून तिसऱ्यांदा. आणि म्हातारी डावीकडं ठेवली.

"झालं," मुकादम म्हणाला. त्यानं क्रशरवाल्याला हात केला. यंत्र घरघरत थांबलं. अचानक आलेल्या शांततेत गड्यांना आपापले श्वास ऐकू आले. "एकच खराब होती. ती सापडली, मान्य. पण आता म्हातारीलाही खराब म्हणताय. म्हणजे अंदाजपंचे चाललंय सगळं. मिस्त्री, ही तर तुमची सगळ्यात चांगली पहार."

मुलानं समोर येऊन बापाला तोंड दाखवून ते सगळं सांगितलं. म्हातारा म्हातारीपाशी गेला. ती हातात घेतली. वजन ओळखीचं होतं. त्यानं ती फिरवून पाहिली. भेग कुठंच दिसत नव्हती. त्यानं सुनेकडं पाहिलं. नक्की? तिनं मान हलवली. ही मान कपाळाकडं बघणारी नव्हती. डोळ्यांत डोळे होते.

त्यानं म्हातारी दोन दगडांवर आडवी ठेवली, पायानं दाबली, घण उचलला. मग घण सुनेच्या हातात दिला आणि खिशातली हातोडी काढून पहारीच्या मधोमध एक टिचकी मारली. इथं.

पहिला घाव पडला. काही नाही. गड्यांपैकी कोणीतरी चुकचुकलं. दुसरा घाव. म्हाताऱ्यानं हातोडी दोन बोटं सरकवून पुन्हा टिचकी मारली. तिसऱ्या घावाला म्हातारी मोडली. एक तुकडा उडून धुळीत लोळत गेला.

डाव्या उठला, गेला आणि चांगल्या हातानं तो तुकडा उचलून आणला. मोडलेलं तोंड त्यानं मुकादमापुढं धरलं. कडेला नखाएवढं पांढरं. बाकी सगळं काळं.

"मी गेल्या आठवड्यात हिलाच छाती लावून रेटत होतो," डाव्या म्हणाला.

म्हातारा ताठ उभा होता. त्याची सगळ्यात चांगली पहार त्याच्या पायाशी दोन तुकड्यांत पडली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो त्यानं म्हातारी पहिल्यांदा खाणीत आणली तेव्हाही गड्यांनी पाहिला नव्हता. "माझ्या घरचं माणूस आहे ते," तो म्हणाला. आवाजाचा अंदाज राहिला नव्हता म्हणून ते फार मोठ्यानं झालं. त्यानं ते तसंच राहू दिलं.

मुकादम मुलाकडं वळला. "तिला सांग, उरलेल्या दोन बघायला. आणि सांग, दर महिन्याला यायचं. नव्या पहारी तिनं हात लावल्याशिवाय इथं उतरणार नाहीत. सांग तिला."

मुलानं बापाला ते सांगितलं. म्हातारा पुढं आला. "'तिला सांग' म्हणू नको. तिलाच सांग. तिच्याकडं बघून. आणि तो फडका काढ, त्याच्यातून आम्हा दोघांनाही नुसतं कापड दिसतं."

मुकादम थांबला. त्यानं गड्यांकडं पाहिलं. मग मानेमागची गाठ सोडली. फडका खाली आला. खालचा चेहरा स्वच्छ होता, वरचा पांढरा. जणू दोन माणसं जोडली होती. तो सुनेसमोर उजेडात आला आणि एकेक शब्द ओढून, लहान बाळाला शिकवावं तसा बोलू लागला. "तू... द... र... महि..."

"एवढं हळू नको," सून म्हणाली. "माणसासारखं बोल."

गडी खदखदले. मुकादमानं पुन्हा, नेहमीसारखं सांगितलं. तिनं मान हलवली, खरी मान, आणि अठराव्या पहारीकडं वळली. तेवढ्यात दगडावरून डाव्या म्हणाला, "सहा वर्षं याच्या हाताखाली काढली. याला पुढचा दातच नाही, हे आज कळलं."

खाण हसली. पोट धरून, एकमेकांच्या पांढऱ्या पाठीवर थापा मारत. मुकादमानं पटकन फडका वर ओढला.

म्हातारा सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होता, एकामागून एक, उशिरा. "काय झालं?" तो म्हणाला. "काय झालं?"

मुकादमाचा पंजा उचलला गेला. माशी हाकलतात तसा झटकायच्या बेतात होता. सून पहारीला मनगट लावून त्याच्याकडंच बघत होती. तो हात तसाच हवेत राहिला. मग मुकादमानं फडका पुन्हा खाली ओढला, म्हाताऱ्याच्या अगदी समोर आला, ओठ वर केला आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"दात," तो म्हणाला. "माझा पुढचा दात नाही. त्याला हसतायत."

म्हाताऱ्यानं बोटाकडं पाहिलं, ओठांकडं पाहिलं. त्याला कळायला जरा वेळ लागला. तोवर सगळ्यांचं हसून संपलं होतं. मग त्याचा वाकडा, गोरा ओठ वर गेला आणि तो एकटाच हसू लागला, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. क्रशरवाल्यानं बटणावर हात ठेवला होता. त्याचं हसून होईपर्यंत त्यानं यंत्र सुरू केलं नाही.